बुलडोझरचा टर्बो आणि आमची गाडी

लग्न होऊन मी बेळगावहून बेंगळुरात आले, तेव्हा चामराजपेटेतल्या आमच्या घराचं अर्धं अंगण एका गाडीनं अडवलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, सहा सिलिंडरची, लांबलचक बोनेटची. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाकडून सासऱ्यांनी ती घेतली होती. सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणत आणि सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. हे घराणं कित्येक पिढ्या इथलंच. मराठी बोलता बोलता मध्येच कानडी येई, कुणी ‘स्वल्प थांब’ म्हणे, आणि ‘सरी’, म्हणजे बरं, म्हटल्याशिवाय कुठलंच बोलणं संपत नसे.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांची पातळी काढण्यात, धरणांच्या कामावर तंबूत राहण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांचा सगळा जीव या गाडीत. सपाट रस्त्यावर ती छान चाले, पण भरल्या घरानिशी चढ आला की तिचा दम संपे. नंदीच्या डोंगरावर जायचं म्हटलं की एका ठरावीक वळणाला आम्ही सगळे उतरत असू. अण्णा एकटेच गाडी हळूहळू वर नेत आणि आम्ही मागून चालत जात असू.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तसंच झालं. अक्कांचे गुडघे दुखत होते. त्या चित्रान्नाचा डबा हातात घेऊन पायी निघाल्या, तेवढ्यात एक बस शेजारून गेली आणि खिडक्यांतली सगळी माणसं वळून आमच्याकडे पाहू लागली. अक्का तशाच चालत वर पोचल्या. डबा उघडताना शांतपणे म्हणाल्या, “पुढच्या खेपेला मी वरपर्यंत गाडीत बसून येईन. नाहीतर घरी राहीन. आणि हिच्यासाठी आता नवं काही विकत आणायचं नाही.”

माझ्या नवऱ्यानं गाडी विकून टाकायचं सुचवलं. अण्णांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना अण्णांनी मला समोर बसवून घेतलं. मी भौतिकशास्त्र शिकलेली, अजून नोकरी नव्हती, आणि घरात त्यांचं ऐकून घेणारी मी एकटीच. धरणाच्या कामावरच्या मोठ्या डिझेल यंत्रांना टर्बो असतो, असं त्यांनी सांगितलं. इंजिनातून बाहेर जाणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं, आणि जास्त हवा म्हणजे जास्त जोर. एरवी फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायचं. मला ती कल्पना फारच आवडली. मोटारीला असं कुणी बसवलंय का, असं मी विचारलं. बसवलं असेल कुणीतरी, असं म्हणून ते उठले.

त्यांच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराकडे मोडीत काढलेला बुलडोझर पडून होता. त्याचा टर्बो अण्णा पोत्यात गुंडाळून बसनं घेऊन आले. दिसायला तो जुळ्या शंखांसारखा होता, आणि उचलायला चांगलाच जड. मग शोधाशोध सुरू झाली. कलासिपाळ्यात लॉरी दुरुस्त करणाऱ्यांकडून टाकाऊ नळ्या आणि रेडिएटरचे जुने रबरी पाइप मिळाले. तिथल्याच एका वेल्डरनं नळ्या कापून, वाकवून, जोडून दिल्या. कार्बोरेटर इंजिनावरून काढून टर्बोच्या तोंडाशी आणावा लागला. सांध्यांमध्ये घालायला तांब्याचा पत्रा हवा होता, तो काही मिळेना. तेव्हा अक्कांनी न्हाणीघराच्या माळ्यावरून एक फुटका तांब्याचा हंडा काढला. तो मोडीत देऊन नवी भांडी घ्यायची असं त्या कधीपासून म्हणत होत्या. त्यांनी तो अंगणात आणून अण्णांच्या पायाशी ठेवला आणि आत निघून गेल्या. अण्णांनी हंडा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. मी कागदावर माप आखून दिलं आणि ते कात्रीनं पत्रा कापू लागले.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा आम्हाला फार आनंद झाला, पण तो थोडाच वेळ टिकला. मागून निळा धूर निघू लागला. आधी थोडा, मग इतका की समोरच्या घराचा दरवाजा दिसेना. शेजारीण अक्का अक्का अशा हाका मारत आली, तिला वाटलं आमच्याकडे आग लागली. अण्णांनी इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसून राहिले.

टर्बो खराब निघाला असं सगळ्यांचं मत पडलं. अण्णांनी तो सोडवून पाहिला, त्यात काही दोष दिसेना. मी दोन-तीन दिवस त्या नळ्यांकडे नुसती बघत होते. टर्बोच्या दांड्याला तेल पुरवणारी एक बारीक नळी होती आणि तेच तेल खाली इंजिनाच्या तळाशी परत नेणारी दुसरी. ही दुसरी नळी वाटेतला गाडीच्या सांगाड्याचा, चासीचा दांडा चुकवण्यासाठी आम्ही आधी वर उचलून मग खाली नेली होती. तेलाला परत जायला वाट नव्हती, म्हणून ते साचून धुरात जळत होतं.

मी अण्णांना बोलावून ती नळी दाखवली आणि विचारलं, “अण्णा, तेल चढ चढून कसं जाणार?”

ते वाकून बघत राहिले. मग इतके हसले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. जन्मभर पाण्याला उतार काढून दिला आणि अंगणात बसून तेलाला चढ चढायला लावला, असं ते त्या दिवशी येईल त्याला सांगत होते. वेल्डरकडून टर्बो थोडा उंचावर बसवून घेतला, जाड नळी सरळ खाली सोडली आणि धूर थांबला. कार्बोरेटरला पेट्रोल कमी पडत होतं, तेही हळूहळू जमवलं.

थंडी सुरू झाल्यावर आम्ही पुन्हा नंदीला निघालो. अण्णा गाडी चालवत होते, शेजारी मी, मागे अक्का, माझा नवरा आणि दोघी नणंदा. देवनहळ्ळी मागे पडली, चढ लागला. सुरुवातीला काहीच फरक जाणवेना. गाडी नेहमीसारखीच कण्हत होती आणि नवरा मागून हळूच म्हणाला की चपला घालून ठेवलेल्या बऱ्या. अण्णांनी गिअर खाली घेतला आणि पाय दाबूनच ठेवला. मग बोनेटखालून एक बारीक शीळ ऐकू आली. ती चढत गेली आणि पाठीमागून कुणीतरी हात लावावा तशी गाडी पुढे निघाली.

नेहमीचं वळण आलं. अक्कांनी सवयीनं दाराच्या कडीवर हात ठेवला होता. गाडी वळली, किंचित अडखळली आणि शीळ घालत वर गेली. मी मागे वळून पाहिलं तर अक्का खिडकीबाहेर बघत होत्या, हात अजून कडीवरच.

वर पोचल्यावर अण्णांनी इंजिन बंद केलं. रेडिएटरमधून वाफ येत होती.

“आता उतरू का?” अक्कांनी विचारलं.

“आता उतर,” अण्णा म्हणाले आणि स्वतः फिरून जाऊन त्यांनी दार उघडलं.

खाली येताना गाडीनं थोडा निळा धूर सोडला. इंजिनावर जोर नसला की ती तसं करी, आणि ते शेवटपर्यंत सुटलं नाही. अक्कांना आता नंदीचं वेडच लागलं. कुणीही पाहुणा आला की त्याला वर न्यायचं ठरे, आणि तो बुलडोझरचा टर्बो आहे हे त्याच सांगत.

पुढे दोन-तीन वर्षांनी गिअरबॉक्सनं हात टेकले. बनशंकरीकडे रोपवाटिका असलेल्या एका गृहस्थानं गाडी घेतली, पण त्याला ती टर्बोशिवाय, साधीच हवी होती. तोपर्यंत मी मुलींच्या एका कॉलेजात शिकवू लागले होते. अण्णांनी टर्बो घासूनपुसून माझ्या प्रयोगशाळेला दिला आणि तो समजावून सांगायला स्वतः वर्गावर आले. घंटा झाली तरी त्यांचं संपेना. मुली जागेवरच बसून ऐकत होत्या आणि मी मागच्या बाकावर त्यांच्यातच जाऊन बसले.