येतो म्हणजे जातो

आमच्या घरातून कोणी कधीच जात नाही. ऑफिसला निघालो तरी 'येतो', ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला निघालो तरी 'येतो'. चुकून 'जातो' म्हटलं, की माझी बायको मंजिरी दारात आडवी येते. "जातो काय? येतो म्हणावं!" या संस्कारापायी एकदा आमच्या लेकीवर डोंगरात एकटीने बसून राहायची वेळ आली.

ईशाची शाळा संपत आली होती. त्यानंतर ती शिकायला डनेडिनला जाणार, म्हणून त्याआधी तिघांनी साउथ आयलंडमधला मुक्काम करत चालायचा एक मोठा ट्रॅक करायचा, असं मी ठरवलं. (ठरवताना मी सोफ्यावर होतो.) हिमनद्यांनी कोरून काढलेल्या दऱ्या, सरळसोट काळे कडे आणि कड्यांवरून नुसत्या पाण्याच्या धारा! ते बघून माणूस गप्प होतो. मी तर पहिला चढ लागल्यापासूनच गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी खिंडीत पोचलो. तिथे वाऱ्यापावसात थांबायला एक छोटी शेड आहे. मंजिरी केव्हाच पुढे गेली होती. ईशा बूट काढून टाचेच्या फोडाला पट्टी लावत बसली. मी पडलो रमतगमत चालणारा. म्हटलं, आपण पुढे निघावं, ही गाठेलच.

"ईशा, मी येतो हं!"

"स्वीट अ‍ॅज, बाबा!" (हे इकडच्या पोरांचं 'बरं, चालेल'.)

मी उतरून मुक्कामाच्या हटवर पोचलो.

"ईशा कुठंय?" मंजिरीने विचारलं.

"येतेय मागून."

चहा झाला. दुसरा चहा झाला. खिंड ढगात गेली, पाऊस लागला, आणि ईशाचा पत्ता नाही! मंजिरीने मला दंडाला धरून हटच्या ऑफिसात नेलं.

हटवरच्या रेंजरबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही निघताना तिला नेमकं काय सांगितलंत?"

मी प्रामाणिकपणे भाषांतर केलं, "आय अ‍ॅम कमिंग."

"मग गेला का नाहीत?"

"नाही, म्हणजे आमच्यात जाताना 'येतो' म्हणतात."

"कुठे येतो?"

"कुठेच नाही. जातो."

बाईंनी माझ्या डोळ्यांवर टॉर्च मारून पाहिलं. (थंडी डोक्यात गेली की माणूस असं बरळतो म्हणे.) मग रेनकोट चढवला आणि मला घेऊन निघाल्या. जो उतार उतरताना मी देवाचे आभार मानले होते, तोच आता चढ झाला होता. पण पाय दुखत होते हे मला आठवलंसुद्धा नाही. पोरगी तिथे असू दे, एवढंच मनात चाललं होतं.

होती! स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून, आमचा शेवटचा बेसनलाडू खात बसली होती. बाहेर एक किआ पोपट तिच्या बुटाची लेस ओढत होता.

"बाबा! व्हेअर वेअर यू? यू सेड 'येतो'!"

"अगं, येतो म्हणजे जातो!"

"अ‍ॅट होम यू ऑलवेज कम बॅक!"

मी बाहेर जाऊन किआच्या तावडीतून बूट सोडवून आणला.

"देन व्हाय नॉट से 'जातो'?"

"तसं म्हणू नये बाळा. जाणारा परत यावा, म्हणून येतो म्हणायचं."

तिने उरलेला लाडू तोंडात टाकला. "वेल, आय बिलीव्ड यू."

मराठीवरून जिला आम्ही उठताबसता टोमणे मारतो, तिने माझा एक मराठी शब्द धरून ठेवला होता आणि थंडीत कुडकुडत तिथेच बसून राहिली होती. मी तिची सॅक उचलली. (थोड्या वेळाने ती रेंजरबाईंनी माझ्याकडून घेतली.)

उन्हाळ्याच्या शेवटी ईशा डनेडिनला निघाली. ऑकलंड विमानतळावर तिने मला घट्ट मिठी मारली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, येते हं."

गेटमधून ती दिसेनाशी झाली. मी तिथेच उभा राहिलो. विमान उडालं, बोर्डावरून त्याचं नावही गेलं.

मंजिरीने बाही ओढली. "अरे, चल ना! किती वेळ उभा राहणार आहेस?"

"थांब गं," मी म्हटलं, "ती येते म्हणालीये."