शांततेचा इलाज

सोलापूर जिल्ह्यात माझ्या साडूंइतकी माणसं माफ केलेला माणूस दुसरा सापडणार नाही. आणि त्यांनी माफ केल्यावर माणसं जितकी चिडतात, तितकी दुसऱ्या कशानं चिडत नसतील. ते कॉलेजात जीवशास्त्र शिकवत, म्हणून सगळ्यांचे सर. निवृत्तीनंतर वर्ग सुटला, विषय सुटला नाही. विषय म्हणजे मेंदूतले रिसेप्टर. कुणी ओरडलं, रुसलं, विसरलं, तर सर त्या माणसाला दोष देत नाहीत, त्याच्या रिसेप्टरला देतात. मंगळवेढ्याच्या एसटीत कंडक्टर खेकसला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुमचा दोष नाही. तुमचं पोट रिकामं आहे. पोटातून निघालेलं हार्मोन मेंदूत पोचलंय, ते बोलतंय." कंडक्टर म्हणाला, "त्येच म्हणतंय, म्हाताऱ्याला खाली उतरीव." सर उतरले नाहीत. पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांनी कंडक्टरच्या हातावर ठेवली. मंगळवेढा येईपर्यंत कंडक्टर त्यांना काका म्हणू लागला होता. त्यांचा हा सर्वांत यशस्वी प्रयोग, त्यामुळे आम्ही तो पुष्कळदा ऐकला आहे.

रिसेप्टर म्हणजे काय, हे ते न विचारता सांगतात आणि उदाहरण गड्ड्याच्या जत्रेचं देतात. "लाउडस्पीकरवर हरवलेल्या पोराचं नाव पुकारतात. ऐकू सगळ्या जत्रेला येतं, पण दचकून उठते एकच बाई. हार्मोन रक्तातून सगळीकडे फिरतं. ज्या पेशीवर त्याचा रिसेप्टर असतो, तीच उठते." बार्शीत एका लग्नात त्यांनी आशीर्वादासाठी माईक घेतला आणि रानउंदरांच्या दोन जातींबद्दल सांगितलं. एका जातीतला नर जन्मभर एकाच मादीपाशी राहतो, दुसरीतला राहत नाही. हार्मोन दोघांत तेच. ते रिसेप्टर मेंदूत कुठं दाट आहेत, एवढाच फरक. पुढे ते नवरदेवाकडे वळून काही बोलणार, तोच पहिल्या रांगेतून आवाज आला, "आवं, उंदरांचं ऱ्हाऊ द्या, जेवणं थंड व्हायल्यात." त्या अक्का. सरांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. सर आयुष्यात कुणाचं ऐकून खाली बसले असतील, तर त्यांचंच.

या अक्का गेल्या वर्षी बदलू लागल्या. चटणीत मीठ दोनदा पडलं. गल्लीतल्या प्रत्येक बारशाला पुढे असणारी बाई बोलावलं तरी जाईना. एकदा घरासमोरच उभी राहून, माझं घर कुठलं, असं विचारू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड कमी निघालं, गोळी सुरू झाली. बाकीचं काही महिन्यांनी पाहू, असं ते म्हणाले. थांबणं सरांना जमण्यासारखं नव्हतं. भीती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती: एखाद्या सकाळी अक्का त्यांनाच विचारतील, तुम्ही कोण?

म्हणून त्यांनी स्वतःचा इलाज सुरू केला. ताणाचं हार्मोन म्हणजे कॉर्टिसोल. आठवणी सांभाळणाऱ्या भागात त्याचे रिसेप्टर दाटीनं असतात, आणि ताण लांबला की आठवणीला मार बसतो. हे खरं आहे. त्यावरून सरांनी घरातला प्रत्येक धक्का काढायचं ठरवलं. दाराची बेल काढली. कुकर माळ्यावर गेला. पाहुणे बंद झाले. सर कुजबुजत बोलू लागले. शेवटी ते शेजारच्या अण्णांकडे गेले. घर सोलापूर शहराच्या पूर्व भागात, आणि भिंतीपलीकडे अण्णांचे टॉवेल विणणारे, सतत खटखटणारे यंत्रमाग. अण्णा म्हणाले, "अक्कांसाठी ना सर? मग बंद." त्यांनी माल भावाच्या शेडवर वळवला.

अक्का सुधारल्या नाहीत. त्या दिवसभर कानोसा घेत, मध्येच दार उघडून गल्लीत पाहत, दुपारपर्यंत गॅस पेटवत नसत, पदर डोक्यावरून घेऊन बसत, रडत. सरांनी खुर्च्यांच्या पायांना फडकी बांधली.

मी गेलो तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवूनच दार उघडलं आणि ते पाणी आणायला वळले. अक्कांनी माझी बाही धरली.

"दाजी, तुमी तरी खरं सांगा. कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, अक्का. असं का वाटतंय?"

"माग बंद हायत की! दारात कुणी येत न्हाय, ह्ये कुजबुजत्यात. माज्याच म्हायेरचं कुणीतरी गेलंय, अन् मातीला बी नेलं न्हाय मला."

त्या गल्लीत कुणी गेलं, की माती होईपर्यंत माग बंद ठेवतात. एरवी ते थांबत नाहीत. सर उभं आयुष्य तिथं राहिले आहेत. त्या रीतीनं थांबलेल्या मागांसमोरून ते कितीदा तरी मातीला गेले आहेत. हातातला तांब्या घेऊन ते दारातच उभे राहिले. "म्हणजे हा ताण मी..." एवढंच म्हणाले आणि तांब्यासकट, अनवाणी अण्णांकडे गेले.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडे पहिला माग सुरू झाला, मग दुसरा. अक्कांनी डोक्यावरचा पदर खाली घेतला. "म्हंजे समदी हायत तर," त्या म्हणाल्या. मग परतलेल्या सरांवर ओरडल्या, "दाजी कवाधरनं बसल्यात, च्या टाका की! अन् कुकर कुटं घातला माजा?" त्या ओरडण्याबद्दल सरांनी कुठल्याही रिसेप्टरला दोष दिला नाही.

गोळीनं बराच फरक पडला. सगळा पडला नाही, आणि पुढचं डॉक्टर सांगत नाहीत. कधीकधी अक्का मला माझ्या मेहुण्याच्या नावानं हाक मारतात. मी ओ देतो. आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी वीज जाते आणि माग थांबतात. त्या दिवशी सर सकाळीच पोळपाट-लाटणं घेऊन भिंतीला टेकून बसतात आणि खट-खट, खट-खट वाजवत राहतात. गेल्या वेळी मी तिथं होतो. हात दुखू लागला म्हणून ते क्षणभर थांबले, तर आतून आवाज आला, "कोण गेलं?"

"कुणी न्हाय," जन्मभर शुद्ध बोललेले सर म्हणाले, "समदी हायत," आणि पुन्हा वाजवू लागले.

आत थोडा वेळ ऐकणं चाललं. "मग असा कसा ओ माग चालतोय अण्णाचा? धागं तुटत्याल की."

सरांनी हात सावरला, लय धरली. वीज संध्याकाळी यायची होती.