दसऱ्याच्या हाराची तार

आमच्या जुन्या मोटारसायकलचा फ्यूज रोज उडायला लागला. मोरा बंदरावरून मासळी त्याच गाडीवर येते आणि मी ती बाजारात विकते. गाडी बंद म्हणजे माझी पाटी रिकामी.

मेकॅनिकने बॅटरी पाहिली, सीटखालच्या वायरी पाहिल्या, पण शॉर्ट सापडेना. नवरा वैतागला. "देऊन टाकू भंगारात!"

परक्या माणसापुढे मला बोलता येत नाही. तरी हळूच म्हणाले, "दादा, हँडल डावीकडे वळवलं की बंद पडते."

"वहिनी, आधी बोलायचं ना! मी अर्धी गाडी खोलली."

त्याने हँडल वळवून दिव्यामागे हात घातला. गेल्या वर्षी दसऱ्याला मी तिथे तारेने हार बांधला होता. फुलं गेली, तार राहिली होती. तिनेच वायरचं प्लास्टिक कापलं होतं. माझी मान खाली गेली.

त्याने वायरला टेप गुंडाळली, तार गुपचूप खिशात टाकली आणि नवऱ्याला म्हणाला, "वायर घासली होती. जुन्या गाडीत होतं असं."

घरी मी नवऱ्याला खरं सांगितलं. तो हसतच सुटला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर ताज्या बोंबलांची पिशवी ठेवून मी वळले. मागून मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, यंदा सुतळीने बांधा!"