खराब म्हणून विकलेला कॅमेरा

जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत मी सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही. रशियन कॅमेऱ्यावर जर्मन नाव कोरून गळ्यात मारणारे मला दोनदा भेटलेत. त्यामुळे मोबाइलवरच्या जाहिरातीत जर्मन रेंजफाइंडर कॅमेरा दिसला आणि फोनवर विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "खराब आहे जी तो, पह्यलेच सांगून देतो," तेव्हा माझे कान टवकारले. आपल्याच मालाला कोणी आपणहून नावं ठेवतं का? चोरीचा तर नसेल? तरी राहवेना. अमरावतीहून बस धरून अकोल्याला गेलो.

जुन्या शहरातलं घर. बाईंचे यजमान खाटेवर बसले होते. त्यांचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. मी कॅमेऱ्यावरचा नंबर तपासला, भिंगावर टॉर्च मारली, शटर कानाशी धरून दाबलं. खोट सापडेना, तसा माझा संशय वाढत गेला.

"रेंजफाइंडर गेला त्याचा," काका म्हणाले. "आत दोन चित्रं दिसतात ना, ते एकावर एक येतच नाईत."

मी डोळा लावला. समोरच्या दाराच्या दोन कड्या दिसल्या. रिंग फिरवली तशा त्या सरकत आल्या आणि एकमेकींवर चपखल बसल्या, म्हणजे फोकस जुळला. पुन्हा फिरवून पाहिलं. कॅमेरा ठणठणीत होता.

"अहो काका, हा तर..."

काकांच्या मागे उभ्या काकूंनी हात जोडले. स्वतःच्या डोळ्याला बोट लावून नकारार्थी मान हलवली. काका माझ्याशी बोलताना माझ्या जरा बाजूला बघत होते, हे मला तेव्हा कळलं. इतका वेळ या बाईला चोर समजत होतो, याची लाज वाटली.

"खराबच आहे," मी म्हणालो.

"मी म्हनत नव्हतो?" काका खूश झाले. "डोये चांगले आहेत माहे. थेंबानं फरक पडला."

पैसे द्यायला आत गेलो तेव्हा काकू कुजबुजल्या, "डाक्टरनं हात टेकले. याईले नाई सांगतलं."

मी कॅमेरा पिशवीत घालून निघालो.

"थांबा जी," काका म्हणाले. "खराब आहे तं मंग घेऊन कावून राहिले?"

"शोकेसमध्ये ठेवायला."

"रिंग फिरल्याचा आवाज आला मले. शोकेससाठी कोनी दोन-दोनदा फोकस जुळवून पाह्यते का?"

काकांनी काकूंच्या दिशेनं मान वळवली.

"तुले कवापासून माहीत आहे?"