थांबलेल्यांचा क्रम

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही. विचारायला तोंडच नव्हतं.

मी कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरकडे महत्त्वाची कामं सतत येत राहिली, तर साध्या कामाची पाळी कधीच येत नाही. म्हणून थांबलेल्या कामाचा क्रम वेळेबरोबर वर सरकवायचा, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. सिविक सेंटरजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्याला खास पेशंटना आधी बोलावणारा टोकनचा प्रोग्राम करून दिला, त्यातही ती सोय ठेवली होती. मालक म्हणाले, "खास पेशंट खोळंबतात, काढून टाका." मी काढली.

आठवड्याभरानं तिथं गेलो, तेव्हा उतई गावाहून आलेली ती म्हातारी डाव्या डोळ्यावर पदर धरून बाकड्यावर बसली होती. घंटी वाजली की उठायची, चिठ्ठी पुढे करायची आणि परत बसायची. सकाळपासून हेच चाललेलं, आता दुपारचे तीन झाले होते.

त्या हिंदी मुलखात फोनवरचं माझं मराठी ऐकून तिनं विचारलं, "मले कावून बोलावून नाही राहिले? कोनं बनवलं हे मशीन?"

"मीच, मावशी."

"असं होईन, तुले माहीत होतं?"

"हो."

ती संतापली. माझंही डोकं पेटलं, मालकावर आणि त्याहून स्वतःवर. काउंटरवरच्या कॉम्प्युटरपाशी जाऊन मी प्रोग्राममधून काढलेली ओळ परत घातली. पुढची घंटी तिच्याच नंबराची वाजली. मी हात धरायला गेलो, तो तिनं झटकला.

"मले हात नोको देऊ," बाकड्यावरच्या लोकांकडे बोट करत ती म्हणाली. "ह्याईले सांग, तू काय केलं ते."