कांदेबागेतले कांदे

बुधवार, २१ जानेवारी २०२६. सकाळी पारा नऊवर. वरच्या खोलीतले भाडेकरू रामोन यांना अंघोळीचं पाणी तापवून दिलं. अकराला बेबाबाई आली; रडली नाही, पण बसलीही नाही. दुपारी केळीच्या पॅकहाउसला जाऊन आले. साडेचारला घरी.

एवढंच लिहून कुमुदिनी नेहेते यांनी पेन खाली ठेवलं. बाकीचं लिहायची त्यांना लाज वाटत होती. स्वतःची नव्हे, योगेंद्रची.

योगेंद्र सावद्याच्या त्या पॅकहाउसचा मॅनेजर. घर धुळ्याचं, पदवी पुण्याची आणि केळीशी ओळख हातगाडीवरची. निर्यातीच्या मालासाठी कंपनीने फिलिपिन्सहून रामोन यांना आणलं, तेव्हा योगेंद्रने भिंतीवर ‘ज्ञानाची देवाणघेवाण’ असा फलक लावला. दर सोमवारी रामोन इंग्रजीत बोलत, योगेंद्र त्याचं मराठी करी आणि तोडणीच्या बाया माना हलवत. बायांकडेही सांगण्यासारखं काही असेल, हे फलक लावणाऱ्याच्या डोक्यात कधी आलं नाही.

बेबाबाई या बायांची मुकादम. माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे चाळीस वर्षं सावद्यात काढूनही बोली अहिराणीच. नवरा लवकर गेला. सासूच्या हाताखाली ती घड पारखायला शिकली. केळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. कड बोचली तर थांबायचं, अंगठा सरकला तर विळा लावायचा. कुमुदिनीबाईंच्या यजमानांची बाग होती तेव्हा तोडणीचा दिवस तीच ठरवायची. बायकोचं कधी न ऐकणारे यजमान बेबाबाईचं मात्र मुकाट्याने ऐकत.

रामोन यांची पद्धत अंगठ्याची नव्हती. केळफूल बाहेर पडलं की त्या आठवड्याच्या रंगाची फीत बांधायची आणि अकरा आठवडे झाले की घड उतरवायचा. या सोमवारी पिवळ्या फितीचे अकरा आठवडे भरले. बेबाबाईने विळा काढलाच नाही.

“हाई कांदेबाग शे,” ती म्हणाली. “थंडीमा माल भरत नही. आखो पंधरा दिन ऱ्हावू द्या.”

योगेंद्रने त्याचं इंग्रजी केलं ते असं, की बागेत कांदे लावलेत म्हणून उशीर होतोय. रामोन यांनी भल्या माणसासारखं वहीत टिपून घेतलं: कांदे काढून टाकावेत. आणि योगेंद्रने बेबाबाईला बजावलं, गुरुवारपासून तिने पॅकहाउसच्या टाकीवर केळ्यांच्या फण्या धुवायच्या. तोडणी दुसरी बाई बघेल.

“माले टाकीवर बसाडस,” बेबाबाई आज कुमुदिनीबाईंच्या दारातूनच म्हणाली. “बसाडू दे. पन मना अंगठा खोटा शे आसं म्हनना तो. हाई मी कशी ऐकी लेऊ, अक्का?”

कुमुदिनीबाई भुसावळच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या. तिथे असं भाषांतर केलं की तासभर बाकावर उभं राहावं लागे. दुपारी त्यांनी चपला घातल्या आणि पॅकहाउस गाठलं.

“या मावशी, आज इकडे कशा?” योगेंद्रने खुर्ची पुढे केली.

“कांदे न्यायला आले. तुझ्या बागेत निघालेत म्हणे.”

“ही बाईच म्हणाली, कांदेबाग.”

“आणि सोनकेळी कुठे घेतोस, सराफाकडे?”

बाया पदराआड हसल्या. कुमुदिनीबाईंनी रामोन यांना इंग्रजीत समजावलं: कांदा लावायच्या दिवसांत लावलेली केळी ती कांदेबाग. तिचे उशिराचे घड ऐन थंडीत भरतात, म्हणून त्यांना दिवस जास्त लागतात.

“थंडी म्हणजे किती?” रामोन यांनी विचारलं.

“आज सकाळी नऊ. रोजचा पारा माझ्या डायरीत आहे.”

रामोन यांनी वही उघडली. त्यांच्या गावी पारा विसाच्याही खाली उतरत नसे. ते अकरा आठवडे तिथल्या उबदार हवेचे होते. ते उठून बेबाबाईमागोमाग बागेत गेले. तिने त्यांचा अंगठा धरून पिवळ्या फितीच्या घडावर फिरवला. कड बोचली. त्यांनी वहीतले कांदे खोडले, तेरा आठवडे लिहिले आणि तोडणी बेबाबाईकडेच राहील असं सांगितलं.

“तीन महिने मी इथे आहे,” ते म्हणाले. “हे मला कुणीच का सांगितलं नाही?”

योगेंद्र मोबाइलमध्ये बघत होता. चहा येईपर्यंत त्याच्या पुढच्या सोमवारच्या सत्राचा मथळा तयार झाला होता: ‘थंडीनुसार तोडणी. सादरकर्ते, योगेंद्र.’

“मी हेच म्हणत होतो, मावशी.”

“सादरकर्तेच लिही. शोधकर्ते लिहू नकोस, तिथे बेबाबाईचं नाव लागेल.”

परतताना कुमुदिनीबाई बेबाबाईचं श्रेय ढापल्याबद्दल पुटपुटत राहिल्या. बेबाबाईला त्याचं काही नव्हतं.

“लिखू दे त्याले नाव,” ती म्हणाली. “इळा मना हातमा शे. सकाय बागमा जास मी.”

दिवेलागणीला कुमुदिनीबाईंनी डायरी पुन्हा उघडली आणि योगेंद्रचं तेवढं वगळून खाली एक ओळ लिहिली: दुधाची पिशवी गळकी निघाली, उरलं तेवढं गाळून तापवलं.