ग्रामपंचायतीची ओली हद्द

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं, आणि त्याचं कारण काही फार थोर नाही. या गोष्टीत मी केलेला एक विनोद आहे. गावात तो अजून सांगितला जातो, लग्नाच्या पंगतीत, पारावर, कधी माझ्याच समोर. खरी हकीकत सांगितली तर तो हातचा जाईल अशी भीती होती. आता दात गेले, गुडघे गेले. विनोदही गेला तर जाऊ दे.

आमचं गाव आंजीच्या पलीकडे. त्या वेळी सरपंचपद आदिवासी महिलेसाठी राखीव निघालं आणि नाल्यापलीकडच्या टोलीवरची एक बाई सरपंच झाली. टोली म्हणजे गोंड समाजाची वस्ती. गावापासून हाकेच्या अंतरावर, पण पाण्याच्या टाकीपासून सगळ्यात लांब. पाणी सोडलं की आधी आमच्या आळीत यायचं, मग चौकात, आणि टोलीवरच्या नळाला पोचेपर्यंत त्याची धार करंगळीएवढी व्हायची. "टोलीवर पाणी आणीन," एवढं एकच बोलून ती निवडून आली होती.

मी उपसरपंच होतो. सभेत बोलायचं काम माझं, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं, तर मीच. ती खुर्चीवर बसायची, मी बोलायचो, आणि शेवटी सही करताना ती म्हणायची, "भाऊ, आता काय काय बोलले ते मलेबी सांगून द्या. सही माही हाय." सदस्य हसायचे. मीही हसायचो. आपल्यावर कुणी हसतंय हे कळायला माणसाला वेळ लागतो, पद असलं तर जास्तच.

दुसऱ्या गावाचा कारभार पाहायला पंचायतीच्या सदस्यांना अभ्यास दौऱ्यावर नेतात. आमच्या वाट्याला कोकणातलं एक खाडीकाठचं गाव आलं. कापूस-सोयाबीनवाल्यांनी समुद्रकाठी काय शिकायचं, हे कुणीच विचारलं नाही, कारण समुद्र कुणी पाहिलेलाच नव्हता. तिकडे मासेच खावे लागतात अशी हवा पसरली, म्हणून प्रत्येकाच्या पिशवीत जवसाची चटणी होती. गाडीला तिचाच वास सुटला होता.

कारंजाच्या ढाब्यावर चहाला उतरलो तेव्हा ती माझ्या टेबलाशी आली.

"भाऊ, तिथं मले एकच गोष्ट इचारायची हाय. त्यायच्याकडं लांबच्या वस्तीले पाणी कसं पोचवते, ते."

"विचारा ना. तुम्ही सरपंच."

"तुम्ही मंधात बोलसान."

"नाही बोलत."

"चहाची शपथ घ्या."

मी बशी हातात धरून शपथ घेतली. बशीतला चहा संपेपर्यंत ती टिकली असावी.

समुद्र पाहून आमचा एक सदस्य म्हणाला, "एवढं पाणी, अन् एका एकराच्या कामाचं नाई." मग आम्ही ग्रामपंचायतीत गेलो.

तिथली सरपंचही बाईच होती, स्वतःची होडी असलेली, मोठ्या आवाजाची. सभागृहात आमच्यातले पुरुष पुढच्या रांगेत बसले, आमच्या बाया मागच्या. हे काही ठरवून केलेलं नव्हतं. आम्ही कुठेही गेलो की असेच बसतो, तेरवीलासुद्धा. त्यांचा एक कर्मचारी शाल आणि नारळाचं ताट घेऊन आला आणि विचारू लागला, "पाहुण्यांचे सरपंच कोण?"

पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळलो. ती अर्धी उठली होती, पदर सारखा करत होती. एवढं स्पष्ट दिसल्यावर मी काय करायला हवं होतं हे शाळेतलं पोरही सांगेल. मी उभा राहिलो आणि मान पुढे केली. शाल माझ्या खांद्यावर पडली. मागे वळून पुन्हा पाहिलं तेव्हा ती बसलेली होती.

मग यजमान म्हणाले, सरपंचांनी काही विचारायचं असेल तर विचारावं. शाल अंगावर असली की माणसाला उकडतं आणि बुद्धीही सुचते. मी विचारलं, "समुद्राला भरती आली की तुमच्या ग्रामपंचायतीची हद्द कमी होते काय?"

सभागृह हसून लोळलं. होडीवाली सरपंच डोळे पुसत म्हणाली, "हद्द तेवढीच राहते हो, फक्त ओली होते." टाळ्या पडल्या, आभार झाले, जेवणाची वेळ झाली. हाच तो विनोद. गावात तो इथे संपतो.

पण जेवताना ती होडीवाली माझ्या शेजारी बसली होती. मी न विचारताच ती सांगू लागली, की खाडीच्या टोकाला त्यांची एक वाडी आहे, तिथे पाणीच चढत नसे, फार भांडणं झाली. शेवटी त्यांनी क्रम उलटा केला. जवळचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे, आधी टोकाच्या वाडीला पाणी सोडायचं, तिचं भरलं की मग अलीकडे यायचं. नवी टाकी नाही, नवा पाइप नाही. "जवळच्यांनी थोडं थांबायचं, एवढंच," ती म्हणाली.

आमची सरपंच पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होती. मी सोलकढी प्यालो. छान होती. टाकीजवळची आळी माझी आहे, हे त्या सोलकढीबरोबर माझ्या मनात आलं.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "सरपंच, शाल घडी करून ठेवा. चटणीचा वास लागन." त्या दिवसापासून तिने मला 'भाऊ' म्हणणं सोडलं. गावाला वाटलं, काय मान देते उपसरपंचाला.

दौऱ्यात काय शिकलो ते ग्रामसभेत मीच सांगितलं. भरती सांगितली, होड्या सांगितल्या. व्हॉल्व्हचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं. तिने पंचायत समितीत चकरा मारल्या, नवा पाइप मागितला, तो आला नाही. पुढच्या निवडणुकीत ती साधी सदस्य म्हणून उभी राहिली, तर टोलीवरच्याच लोकांनी तिला पाडलं. "सरपंच होऊन आमच्या नळाले काय देलं तुनं?" असं तिच्या सख्ख्या जावेने भर चौकात विचारलं. मी तेव्हा चौकातच होतो. कोपऱ्यावर, पान खात.

मागच्या महिन्यात गुडघे दाखवायला सावंगीच्या दवाखान्यात गेलो, तर बाकावर शेजारी तीच. नात बाळंतपणाला आणलेली.

"सरपंच, तुम्ही इथं काऊन?"

"गुडघे."

"बसून बसून झाले असतीन. खुर्चीले काय होते? झिजते ते गुडघेच."

मग तिनेच सांगितलं, की नवा ग्रामसेवक आला, त्याने पाण्याचा क्रम उलटा केला, आता टोलीवर पहिले पाणी येते, चांगली मनगटाएवढी धार. "एवढी सोपी गोष्ट," ती म्हणाली, "माह्या डोक्यात काऊन नाई आली, याचंच मले वाईट वाटते."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझा पुकारा झाला.

"बोला ना," ती म्हणाली. "तुमालेच तर बोला लागते."

"आलोच," म्हणालो. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. तिला आत बोलावलं होतं, आणि बायकांच्या वॉर्डात मला कोण सोडणार?

म्हणायचं होतं ते एवढंच: बाई, तुमच्या डोक्यात प्रश्न आला होता. उत्तर मला तिथेच, ताटावर मिळालं होतं. माझं घर टाकीजवळ आहे म्हणून मी ते तुम्हाला दिलं नाही. शाल तर तुमची होतीच. मला माफ करा.